धनिकांचीं विमानें आणि काकडीची जमीन

अहिल्यानगर जिल्ह्यांत, कोपरगांव तालुक्यांतील काकडी या गांवीं, शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करून शिर्डीचा विमानतळ उभारण्यांत आला व १ ऑक्टोबर २०१७ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. साईभक्तांची सोय हें त्याचें प्रयोजन. त्या प्रयोजनाचें स्मरण देण्याची वेळ आतां आली आहे. कारण मुंबईंत ज्या खासगी विमानांस जागा पुरत नाहीं, त्यांच्या मालकांची दृष्टि आसपासच्या जिल्ह्यांकडे वळणें स्वाभाविक आहे.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें एका वेळीं एकच उपयोगी पडते. म्हणून २०२४ च्या आरंभीं सरकारनें गर्दीच्या तासांतील विमानांची संख्या ताशीं ४६ वरून ४४ वर आणली, आणि खासगी विमानांस मज्जाव असलेले तास चारांचे आठ केले. हें योग्यच झालें. सहा माणसांचें विमान उतरो कीं एकशें ऐंशी माणसांचें, धावपट्टीची पाळी एकच खर्चीं पडते. किंबहुना मोठ्या विमानामागें उठणाऱ्या भोवऱ्यांमुळें लहानास अधिक अंतर राखावें लागतें, आणि तितका वेळ सर्वांचा जातो. असें असून उतरण्याचें व उभें राहण्याचें शुल्क आपण मुख्यत्वें वजनावर आकारतों! जें दुर्मिळ, तें वजन नव्हे. तें जागा आणि वेळ होय. दुर्मिळ वस्तु हलक्या मोलानें देणें याला औदार्य म्हणावें कीं पक्षपात, हें वाचकांनींच ठरवावें.

यावर कोणी म्हणेल, धनिक आले म्हणजे मागोमाग धंदे येतील. येवोत, त्यांस येऊं नका असें कोणीहि म्हणत नाहीं. पण ज्याला स्वतःचें विमान बाळगतां येतें, त्याला तें उभें करण्याचें पुरतें भाडें जड वाटावें, ही सबब हास्यास्पद आहे. रोग्यांस नेणारीं विमानें मात्र अर्थातच निराळीं. त्यांस अग्रमान असलाच पाहिजे.

२०२७ सालीं नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरेल, आणि शिर्डीच्या विमानतळावर त्याचा भार पडल्यावांचून राहणार नाहीं. त्या दिवशीं तिकीट काढून आलेल्या यात्रेकरूचें विमान आकाशांत घिरट्या घालीत राहावें आणि खालीं कोणा श्रीमंताचें रिकामें विमान दिवसभर जागा अडवून बसावें, हा प्रसंग टाळावयाचा असेल तर नियम आजच लिहून ठेवा: प्रथम रुग्ण व संकटग्रस्त, मग नियमित प्रवासी, शेवटीं खासगी विमानें, आणि शुल्क अडविलेल्या जागेवर व तासांवर. त्या उत्पन्नाचा कांहीं अंश काकडीच्या गांवकऱ्यांस मिळावा. ज्यांनीं पिकाऊ जमीन दिली, त्यांच्या बांधावर परक्याचा तबेला फुकट बांधूं देणें हा विकास नव्हे; तो अन्याय होय.