सूर्याला तोफेची सलामी

चार दिवस ऊन पडलं नाही की आपली वाळवणं अडतात आणि जीव कसा कोंदून जातो! मग जिथे दोन महिने सूर्यच उगवत नाही, तिथल्या बायकांचं काय होत असेल? चला, आज अशाच एका गावी जाऊ या.

नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, बॅरेंट्स समुद्रातल्या एका बेटावर वार्डो हे गाव वसलं आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य जानेवारीचा मध्य उलटल्यावरच दिसतो. त्याचं पूर्ण बिंब दिसलं की किल्ल्यावरून तोफ डागतात आणि शाळेला सुट्टी मिळते!

एवढ्या उत्तरेला असूनही इथलं बंदर गोठत नाही. ही सारी किमया अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहाची. म्हणूनच गाव मासेमारीवर जगलं. कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात सुकवतात. उन्हावाचूनचं वाळवणच म्हणा ना! रशियन गलबतं पीठ आणत आणि मासे नेत. १९१७च्या क्रांतीनंतर तो व्यापार आटला. दुसऱ्या महायुद्धात गावाची राखरांगोळी झाली, तरी लोकांनी ते पुन्हा उभारलं. १९८२मध्ये समुद्राखालून बोगदा निघाला आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं.

पण मैत्रिणींनो, मला चटका लावून गेली ती वेगळीच हकिगत. १६१७च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ उठलं. दहा होड्या बुडाल्या, चाळीस पुरुष गेले. पुढे दोष कोणाला दिला? बायकांना! म्हणे, त्यांनी चेटूक करून वादळ उठवलं. छळ करून कबुल्या घेतल्या. संशयित बाईला समुद्रात टाकायचं. तरंगली तर ती चेटकीण! सतराव्या शतकात त्या फिनमार्क प्रांतात ९१ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत बहुतेक बायकाच.

२०११मध्ये वार्डोला त्यांचं स्मारक झालं. लांबलचक अंधाऱ्या दालनात ९१ लहान खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि शेजारी त्या व्यक्तीची कहाणी.

किती दूरचं गाव, नाही का? पण लग्नानंतर घरात काही वाईट घडलं, की ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द आपल्याकडेही कुणाच्या तरी तोंडून निघतोच. तो निदान आपल्या ओठांवर तरी न येवो.