डोंबिवली कीं बदलापूर?

गेल्या पंधरवड्यांत भाचीचें पत्र आलें. "ती. मावशीस कृतानेक साष्टांग नमस्कार" एवढें झाल्यावर पुढें लगेच प्रश्न होता : डोंबिवलीस दोन लहान खोल्यांचें घर घ्यावें, कीं तेवढ्याच पैशांत बदलापुरास एक खोली अधिक मिळते, तें घ्यावें? पतिराजांचा कल बदलापुराकडे, सासूबाईंचा देवळाजवळच्या घराकडे. आणि दादरच्या कचेरींत रोज जाणाऱ्या हिचा कल मात्र कोणीं विचारलाच नव्हता. हा प्रश्न आज अनेक घरांत पडलेला आहे, म्हणून तिला उत्तर येथेंच देतें.

प्रथम अंतराचा हिशेब पाहूं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारें ४८ किलोमीटर, तर बदलापूर सुमारें ६८. मधले वीस किलोमीटर नकाशावर बोटभरही दिसत नाहींत. परंतु लोकल गाडीस त्यांना पंचवीस-तीस मिनिटें लागतात. जाऊन-येऊन रोजची दोन घटकांहून अधिक वेळ गेली. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर वीस तासांहून अधिक होतात. कर्जाचे हप्ते वीस वर्षें फेडावयाचे. मग हा दुसरा हप्ताही तितकींच वर्षें फेडावा लागेल, आणि त्याची नोंद कोणत्याही पेढीच्या वहींत असणार नाहीं.

शिवाय कल्याणास रेल्वेचे दोन फांटे होतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जताकडे. बदलापूर या दुसऱ्या फांट्यावर आहे. लोकल गाड्या आणि पुण्याकडील लांब पल्ल्याच्या गाड्या यांना तेथें त्याच वाटेनें जावें लागतें. एक गाडी अडली कीं मागच्याही खोळंबतात. न्याय करावयाचा तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, कांहीं गाड्या बदलापुराहूनच सुटतात, तेव्हां सकाळीं बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो. डोंबिवलीस गाडी येते ती बहुधा भरूनच. दारांत पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली तरी तें भाग्य समजावें.

आतां वस्तीचा विचार. डोंबिवलीस आपल्या लोकांची वस्ती जुनी, शाळा, वाचनालयें, गाण्याचे वर्ग हाकेच्या अंतरावर. तेथील गणेश मंदिर संस्थान १९२४ सालचें. गुढीपाडव्याची जी नववर्ष शोभायात्रा आज गांवोगांवीं निघते, तिची प्रथा १९९९ सालीं याच गांवानें घातली. सासूबाईंस पायीं देवळांत जाऊन चार बायकांशीं बोलतां येईल, हें सुख लहान नव्हे. परंतु रस्ते अरुंद, गर्दी अपार. औद्योगिक वसाहत लोकवस्तीस लागूनच आहे. तेथील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं भयंकर स्फोट होऊन माणसें दगावलीं. त्या बाजूस घर पाहणाऱ्यानें हें विसरूं नये.

बदलापुरास हवा मोकळी, डोंगर डोळ्यांसमोर, जवळच बारवीचें धरण. मुलास खेळावयास जागा आहे. परंतु गांवाजवळून उल्हास नदी वाहते. २६ जुलै २००५ च्या महापुरांत तेथील सखल भाग पाण्याखालीं गेला. आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यानें वेढली जाऊन हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढावें लागलें. म्हणून घर पाहावयाचें तें फाल्गुनांत नव्हे, आषाढ-श्रावणांत. आणि पाणी कोठवर चढलें होतें, हें दलालास न विचारतां शेजारच्या वाण्यास विचारावें.

गांव कोणतेंही असो, कागद आधीं पाहावे. नुसत्या महारेराच्या क्रमांकावर विसंबूं नये. कल्याण-डोंबिवलींत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनीं तो क्रमांक मिळविला होता, आणि २०२४ सालीं उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा हुकूम दिला. ज्यांनीं आयुष्याची पुंजी त्यांत घातली, त्यांची काय दशा झाली असेल! बांधकामाची परवानगी महापालिकेंत किंवा नगरपालिकेंत स्वतः जाऊन पडताळावी, भोगवटा प्रमाणपत्र मागावें, सातबारा व मालकीचा इतिहास वकिलाकडून तपासावा. क्षेत्रफळ चटईचें किती, तेवढेंच विचारावें. आणि घर गृहिणीच्या नांवें घेतल्यास आपल्या राज्यांत मुद्रांक शुल्कांत एक टक्का सूट मिळते, ही गोष्ट पतिराजांच्या कानीं अवश्य घालावी.

मग माझा कौल काय? घरांतील एकच माणूस मुंबईस जात असेल, किंवा आठवड्यांतून दोनतीनदांच जावें लागत असेल, तर बदलापूर खुशाल घ्यावें. परंतु नवराबायको दोघेंही रोज जात असतील, तर डोंबिवलीचें लहान घरच बरें. तिसऱ्या खोलीची किंमत पैशांत दिलेली नसते. ती गृहिणीच्या झोपेंतून आणि मुलाच्या संध्याकाळींतून वळती होते. आई रात्रीं नऊला दमून येणार असेल, तर त्या खोलींत मुलाशेजारीं बसणार कोण?

तरीही, मुली, माझ्या शब्दावर जाऊं नकोस. पुढच्या सोमवारीं दोघांनीं सकाळीं आठला बदलापुराहून गाडी धरा, आणि संध्याकाळीं सातला दादराहून परत तेथेंच जा. मंगळवारीं तेंच डोंबिवलीचें करा. बुधवारीं सासूबाईंना जवळ बसवून तिघें मिळून ठरवा. आणि या वेळीं तुझें मत कोणीं विचारण्याची वाट न पाहतां तूंच आधीं बोल.