आईसारखी दिसते

दिवाळी अंकातलं आपलं हे सदर म्हणजे वर्षातून एकदा माजघरात बसून मारलेल्या गप्पा. चकली हसली, करंजी फुटली, पोरांचं मराठी कुठवर आलं, असं बरंच आपण इथे बोललो. यंदाचा विषय लिहावा की नाही, याचा मात्र मी दोनदा विचार केला. गोष्ट माझ्याच घरातली आहे, आणि तिच्यात मी काही फारशी बरी दिसत नाही.

सप्टेंबरात शाळेचा 'पिक्चर डे' असतो, हे इथल्या आयांना सांगायला नको. दप्तरातून फोटोचा फॉर्म येतो. मोठा फोटो किती, पाकिटात मावणारे छोटे किती, मागचा पडदा निळा की करडा. आणि खाली, थोडे जास्त डॉलर देऊन, 'रिटचिंग'. चेहऱ्यावरचे डाग काढून मिळतील, दात पांढरे करून मिळतील, त्वचेचा रंग एकसारखा करून मिळेल. आजवर मी ते कधी वाचलंही नव्हतं. यंदा धाकटी सहावीत गेली. सही करायला फॉर्म हातात घेतला, तर त्या चौकोनात पेन्सिलीने हलकीशी बरोबरची खूण. इतकी हलकी, की आई ओरडली तर लगेच खोडता यावी.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अगं, अकरा वर्षांची तू. तुला कसलं रिटचिंग?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, सगळे म्हणतात मी डिट्टो तुझ्यासारखी दिसते. आणि तू रोज म्हणतेस, तू वाईट दिसतेस."

पुढे ती काही बोलली नाही. मलाही बोलायला काही उरलं नाही.

खरंच, मी रोज काय काय म्हणत होते? "शी, काय अवतार झालाय!" "या साडीत पोतं दिसतेय नुसतं." "किती काळवंडले बघ या उन्हाळ्यात." "फोटोत मी नको, मी काढते, तुम्ही उभे राहा." आपण याला विनय समजतो. कुणी म्हटलं, "छान दिसतेस गं," की आपलं ठरलेलं उत्तर, "कुठे गं, जुनीच तर साडी आहे." चारचौघींत हे शोभून जातं. पण घरात ऐकणारी पोर तेच नाक, तीच हनुवटी आणि तोच रंग घेऊन आपल्या शेजारी उभी असते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

मला जास्त टोचलं ते वेगळ्याच कारणाने. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे, मी नगरची ख्रिस्ती. आमच्याकडे फराळ दोनदा होतो, एकदा तुमच्याबरोबर दिवाळीला आणि एकदा नाताळला. दर रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, आईच्या पोटात असल्यापासून तो आपल्याला ओळखतो, माणूस चेहरा पाहतो पण देव अंतःकरण पाहतो, हे मी गेली कित्येक वर्षं पोरांकडून घोकून घेते. म्हणजे रविवारी सकाळी एक शिकवण, आणि शुक्रवारी संध्याकाळी आरशासमोर नेमकी तिच्या उलट. माझ्या मुलीने दोन्ही ऐकल्या आणि आरशासमोरची खरी मानली. मुलं तेच करतात. आपण त्यांना जे शिकवतो त्यापेक्षा आपण स्वतःशी काय पुटपुटतो, ते त्यांना आधी पाठ होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मी आई म्हणून नापास, असंच मनात घोळत राहिलं. पहाटे कधीतरी लक्षात आलं, की ही खोड तीच आहे. आधी चेहऱ्याला नावं ठेवत होते, आता आईपणाला ठेवतेय. चूक झाली ती कबूल करावी, सुधारावी, हे झालं पश्चात्तापाचं. स्वतःला रात्रभर झोडपत बसणं, हे कुठल्याच धर्माने सांगितलेलं नाही.

सकाळी मी बायबल उघडलं ते लेआच्या गोष्टीपाशी. बऱ्याच जणींना ती माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. लाबानाला दोन मुली. धाकटी राहेल रूपाने देखणी. थोरली लेआ, तिच्याबद्दल एवढंच सांगितलंय की तिचे डोळे अधू होते. याकोबाचा जीव राहेलवर. तिच्यासाठी तो सात वर्षं राबला, आणि लग्नाच्या रात्री बापाने लबाडीने लेआला पुढे केलं. सकाळी उजाडलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पाहून त्या बाईला काय वाटलं असेल! पुढे तिला मुलगे झाले. पहिला रऊबेन. देवाने माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील, अशी तिची आस. दुसरा शिमोन, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं म्हणून. तिसरा लेवी, आता तरी नवरा मला धरून राहील म्हणून. तिन्ही नावांत तिचं मन नवऱ्याच्या नजरेभोवती घुटमळतंय. चौथा झाला तेव्हा मात्र ती नवऱ्याचं नावही काढत नाही. या वेळी मी देवाची स्तुती करीन, म्हणते, आणि मुलाचं नाव यहूदा ठेवते. पुढे याच यहूदाच्या वंशात दावीद राजा झाला आणि येशूही.

मला यात आवडतं ते हे, की लेआचे डोळे बदलले नाहीत. ती रातोरात देखणी झाली नाही. नवऱ्याचं मन वळल्याचंही लिहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं, तर चौथ्या मुलानंतरही बहिणी-बहिणींची चढाओढ संपली नाही. पण निदान एका बाळंतपणात तरी ती निकालाची वाट पाहायची थांबली. आपल्यालाही एकदम सगळं जमणार नाही. एखादा दिवस तरी जमावा. गंमत म्हणजे, ज्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'अधू' असा करतात, त्याचा अर्थ 'कोमल' असाही होतो. डोळे तेच. पाहणाऱ्याने काय म्हणायचं ठरवलं, तेवढाच फरक.

पाहणाऱ्यांचा आणखी एक किस्सा सांगते. मी नवीन लग्न होऊन न्यू जर्सीत आले, तेव्हाचं मंडळाचं पहिलंच हळदीकुंकू. आमच्या घरात आईने, आजीने कधी कुंकू लावलं नाही, मीही लावत नाही. नगरला आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. इथे एका मावशींनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "अगोबाई, एवढ्या लहान वयात!" माझे यजमान तेव्हा दहा पावलांवर तिसरा बटाटेवडा खात उभे होते. आज त्या मावशी आणि मी यावर पोट धरून हसतो. पण त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. मराठी लोकांत मी पुरेशी मराठी दिसत नाही, अमेरिकनांत पुरेशी अमेरिकन दिसत नाही, मग मी दिसते तरी कशी?

तेव्हा मला पंडिता रमाबाईंनी सावरलं. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांच्या लाडक्या. आमच्या न्यू जर्सीतल्याच रोझेल गावात कार्पेंटर बाईंकडे त्या उतरल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. बरोबर लेक मनोरमा, पाच वर्षंही पुरी न झालेली. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. डोक्याचे केस कापलेले, अंगावर पांढरी साडी, कानांनी कमी ऐकू येणारं. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू येत नसल्याने तो बेत सोडावा लागला. फुगीर झगे आणि पिसांच्या टोप्यांच्या त्या काळात अमेरिकेतल्या सभागृहांत ही बाई अशीच उभी राहिली आणि बोलली.

त्यांना दिसण्यावरून, राहण्यावरून बोल लावणाऱ्यांत त्यांचे प्रेमाचे लोकही होते, हे मला मोलाचं वाटतं. १८८३ साली वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्मातल्या आईसारख्या. दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेला. त्यात दिसतं, की रमाबाई मांसमच्छी खात नाहीत, जुन्या चालीरीती सोडत नाहीत, हा सिस्टरना अहंकार वाटे. रमाबाई उलट विचारत, की क्रूसावर लॅटिनच अक्षरं कशाला, माझ्या बायकांना कळणारं संस्कृत का नको? मनोरमेला कुणी, काय आणि कसं शिकवायचं, यावरूनही खटके उडत. येशूवर विश्वास ठेवला म्हणून मी इंग्रज बाई झाले नाही, हे रमाबाईंनी आयुष्यभर धरून ठेवलं.

आणि तरीही त्या काही दगडाच्या नव्हत्या. अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांनी मनोरमेला परत इंग्लंडला सिस्टरांकडे पाठवावं लागलं, आणि त्या एकट्या या देशभर व्याख्यानं देत फिरल्या, भारतातल्या विधवांच्या शाळेसाठी. परक्यांच्या लेकींसाठी पैसे गोळा करायचे आणि आपली लेक समुद्रापलीकडे! आपण डे-केअरच्या दारात पोर सोडून गाडीत बसून रडलोय, त्या आपल्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन उघडलं. मनोरमा पुढे आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. १९२१ साली ती आईच्या आधी गेली, आणि १९२२ च्या एप्रिलात रमाबाई. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम त्या अखेरपर्यंत करत होत्या.

रमाबाईंचा फोटो मी माझ्या मुलीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "शी लुक्स लाइक शी इज बिझी." मला वाटतं, याहून नेमकं कुणी सांगितलं नसेल.

आता घरात आम्ही काय बदललं, ते सांगते. फार मोठं काही नाही. पहिलं म्हणजे, आरशासमोर स्वतःला नावं ठेवणं बंद. जीभ सवयीने वळवळते, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढते. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःच्या फजित्या किती मजेत सांगितल्या आहेत! पण स्वतःला हसणं वेगळं आणि स्वतःला हिणवणं वेगळं. लक्ष्मीबाई हसतात तेव्हा आपण त्यांच्या आणखी जवळ जातो. मी स्वतःला हिणवते तेव्हा माझी पोर आक्रसते. दुसरं म्हणजे, कुणी छान म्हटलं तर फक्त "थँक्यू" म्हणायचं. साडीचं वय सांगायचं नाही.

तिसरं, नटण्यामुरडण्यावर रुसायचं नाही. मुलीला ओठांवरची लव सलत होती, वर्गात कुणीतरी चिडवलं होतं, हे हळूहळू बाहेर आलं. मी तिला ओक ट्री रोडवर थ्रेडिंगला घेऊन गेले. आधी वाटलं, देवाने जसं केलंय तसंच राहू दे, असं ठणकावून सांगावं. मग आठवलं, मी स्वतः गेली वीस वर्षं भुवया कोरतेय! चांगलं दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. दिवाळीला पैठणी नेसून, नथ घालून मिरवण्यात आनंदच आहे. फक्त तो आनंद असावा. मिरवलं नाही तर आपण कुणीच नाही, अशी धास्ती नसावी.

माझी आजी बायबलबाई होती. खांद्याला पिशवी अडकवून नगरच्या आसपासच्या खेड्यांत बायकांना वाचायला शिकवत फिरायची. लहानपणी देवी आल्या होत्या, सगळ्या चेहऱ्यावर वण. मी एकदा तिला विचारलं, "आजी, तुला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "माझा चेहरा मला कुठं दिसतो? दिसतो तो तुम्हाला. तुम्ही बघा काय ते." तेव्हा मला तो विनोद वाटला होता. आता वाटतं, तिने आपला चेहरा देवाच्या आणि आमच्या हवाली केला होता, आणि मोकळ्या मनाने कामाला लागली होती.

फॉर्मचं काय झालं, विचाराल. मी मुलीची माफी मागितली. म्हटलं, "मी चुकीचं बोलत होते. तू माझ्यासारखी दिसतेस, आणि मला त्याचा अभिमान आहे. फॉर्म तुझा, तूच ठरव." मी सही केली, तिने पाकीट बंद केलं. ती खूण तिने खोडली की ठेवली, मी पाहिलं नाही. फोटो येतील तोवर हा अंक छापूनही झालेला असेल.

मंडळाच्या दिवाळीत भेटूच. गटाचा फोटो निघेल तेव्हा "मी काढते" म्हणून मागे सरू नका. फोन यजमानांच्या हातात द्या आणि पोरींच्या शेजारी जाऊन उभ्या राहा. आणखी वीस वर्षांनी त्या अल्बम चाळतील, तेव्हा तुमचं पोट सुटलं होतं का, हे शोधणार नाहीत. आई कुठे आहे, एवढंच शोधतील.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. देव तुमच्या घरातला उजेड राखो.