गोष्टीतली भाकरी

गोष्टीचं पुस्तक वाचता वाचता तुम्हाला कधी भूक लागली आहे का? मला लागते. लहानपणी तर पुस्तकात कुणी जेवायला बसलं, की ते पान मी दोनदा वाचायचो! मोठेपणी एक लक्षात आलं. चांगला लेखक गोष्टीत ताट मांडतो, ते नुसतं आपल्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून नाही. माणसं जे तोंडाने बोलत नाहीत, ते तो ताटातून सांगतो.

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली अळणी भाजी आठवते ना? आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडिलांना ते कळतं, पण ते एका शब्दानेही बोलत नाहीत. मुकाट्याने भाजी खातात. त्यांचं पाहून मुलंही गप्प! शेवटी आई जेवायला बसते, तेव्हा तिच्या ध्यानात येतं आणि तिला फार वाईट वाटतं. चिमूटभर मिठाची ही गोष्ट. ‘वडिलांना आईच्या कष्टांची जाणीव होती’ असं नुसतं वाक्य लिहिलं असतं, तर आपण ते केव्हाच विसरलो असतो. (आई सगळ्यांच्या शेवटी का जेवते, हा प्रश्न मात्र तुम्ही घरी जरूर विचारा.)

आता स्वित्झर्लंडला जाऊ. योहाना स्पिरी यांची ‘हायडी’ साधारण 1880 सालची. डोंगरात वाढलेल्या या मुलीला फ्रँकफुर्ट शहरात नेऊन ठेवतात. तिथे जेवताना रोज मऊ, पांढरा पाव. पण डोंगरावर तिच्या मित्राची आंधळी आजी आहे, तिला कडक काळा पाव चावत नाही. म्हणून हायडी रोज एक पाव उचलून कपाटात दडवते. एके दिवशी घर सांभाळणाऱ्या बाईंना ते वाळलेले पाव सापडतात नि त्या ते फेकून द्यायला लावतात. हायडी किती रडते! विट्याच्या आसपासची कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. दूरच्या शहरात बसून आजीच्या हातची भाकरी आठवणाऱ्या त्या घरांतल्या मुलांना ही हायडी लगेच कळेल.

आणि जिथे ताटच रिकामं, तिथली गोष्ट? ती तर आपल्या शेजारचीच. विट्याहून आटपाडीकडे गेलं, की माडगुळे लागतं. ते व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी 1955 सालची. धनगरांच्या वाडीवर तरुण मास्तर येतात, शाळा भरते, मुलं जमतात. मग पाऊस दडी मारतो. मेंढरांना चारा नाही, माणसांना दाणा नाही. एकेक घर मेंढरं घेऊन निघून जातं आणि शाळा ओस पडते. मास्तरांनी काय चूक केली होती? काहीच नाही.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (1959) मात्र गाव सोडून जात नाही. लोक अन्नावाचून तडफडायला लागतात, तेव्हा तो धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो. आता चोरी ती चोरी, असं कुणी म्हणेल. पण भुकेलेल्या मुलांच्या घरात बसून तसं म्हणता येईल का? माझं मत मी सांगत नाही, तुम्हीच घरी वाद घाला!

आता तुमच्यासाठी एक काम. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे परदेशातून आलेली मिलो ज्वारी खावी लागली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. तुमच्या आजी-आजोबांना विचारा : ती भाकरी दिसायची कशी? थापताना मोडायची का? सुकडी घरी कोण आणायचं, तिची वाटणी कशी व्हायची? ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. आणि आजी सांगता सांगता मध्येच गप्प झाली, तर तेही लिहा.