एक टेस्ट

मागच्या शुक्रवारी जेवताना टीममधला एक मुंबईकर म्हणाला, "इक्बाल सिद्दिकी? एक टेस्ट खेळला आणि संपला की रे." मी देवणीचा, जिल्हा लातूर. मला ते लागलं. (देवणीहून औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, चांगलंच लांब आहे. पण पुण्यात आलं की सगळा मराठवाडा एकच होतो.)

तर मंडळी, ती एक टेस्ट आधी नीट बघू. मोहाली, डिसेंबर २००१, समोर इंग्लंड. भारताकडून तिघांचं पदार्पण: टिनू योहानन, औरंगाबादचा इक्बाल आणि बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. एकाच टेस्टमध्ये मराठवाड्यातले दोघं! गावात कुणी पेढे वाटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

इक्बालला अख्ख्या मॅचमध्ये ४८ रनमध्ये एक विकेट मिळाली. आता पहिल्या डावात हरभजन ५ आणि दुसऱ्यात कुंबळे ६ घेत असेल, तर मिडियम पेसरच्या वाट्याला उरणार किती? बॅटिंगला मात्र त्याने २४ काढले. दुसऱ्या डावात जिंकायला ५ रन हवे होते, तर गांगुलीने ह्यालाच ओपनिंगला पाठवलं. पठ्ठ्याने पाचही रन स्वतःच काढून मॅच संपवली. नाबाद ५. त्यानंतर टेस्ट नाही, कधीच नाही.

बरं, त्याच्यावर घोर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. एका विकेटवर भांडण उभं राहत नाही. माझं म्हणणं 'संपला' ह्या शब्दाबद्दल आहे. ह्या माणसाच्या फर्स्ट क्लास विकेट तीनशेच्या वर आहेत. रणजीत, रिकाम्या स्टँडसमोर, आपल्याकडच्या पाटा पिचवर. करिअर ते होतं राव! मोहाली त्यातले चार दिवस.

ऑस्ट्रेलियाचा जेसन गिलेस्पी बघा. एप्रिल २००६, चितगाव, नाइट वॉचमन म्हणून येऊन नाबाद २०१, आणि तीच शेवटची टेस्ट. हा किस्सा सगळे हसत सांगतात, कारण त्याच्या नावावर अडीचशेच्या वर टेस्ट विकेट आहेत. त्याला कुणी संपला म्हणत नाही.

मला हे एवढं का झोंबलं? दोन वर्षांपूर्वी मला सहा आठवडे ऑनसाइट पाठवलं होतं. प्रोजेक्ट गुंडाळलं, परत आलो ते थेट बेंचवर. अप्रेझलमध्ये त्याच सहा आठवड्यांची चर्चा, आधीची सात वर्षं कुणी काढलीच नाहीत. गावी आप्पा अजून विचारतात, "पुन्हा कधी पाठवणारेत?"

असो. मित्राला हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "अरे, बांगर बीडचा?"

घ्या आता.