मामा, कॅसेटी टाकू का?

परवा भाच्याचा फोन आला. घराची डागडुजी चाललीय, माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला आणि त्यात निघाल्या कॅमकॉर्डरच्या वीसेक छोट्या कॅसेटी. मुलगा हुशार. लगेच शहरातल्या एका दुकानात नेऊन त्याने त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. "काम झालं, मामा. आता कॅसेटी टाकू का? दुकानदार म्हणतो, ठेवून करायचं काय?"

मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलोच. बिचारा गोंधळला. मागाहून त्याला कारण सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. कारण हीच चूक वीस वर्षांपूर्वी मी स्वतः केलेली आहे, आणि तीही मोठ्या हौसेने.

आमचे काका आखातात नोकरीला होते. १९९९ साली सुट्टीवर येताना त्यांनी मिनी डीव्हीचा कॅमेरा आणला. आमच्या वाड्यावर त्या कॅमेऱ्याचं एवढं कौतुक की पुढची पाचसहा वर्षं कुणाच्याही घरी पूजा, मुंज, बारसं असलं की काकांना आमंत्रण कॅमेऱ्यासकट. देवळातल्या उत्सवाचं नाटक तर दरवर्षी ठरलेलं. गोव्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. उत्सव म्हटला की रात्री नाटक आलं, आणि नाटक म्हणजे गावचीच मंडळी रंग लावून मराठी बोलणार. दिवसा पोस्टात बसणारा माणूस रात्री संभाजी व्हायचा. काका पहिल्या रांगेत तिपाई लावून बसत आणि पडदा पडला तरी कॅमेरा बंद करायला हमखास विसरत.

२००५ साली मी संगणक घेतला. ऐंशी जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर आणि वेगळे पैसे मोजून बसवलेलं फायरवायर कार्ड. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना आठवत असेल. एका तासाची कॅसेट संगणकात घ्यायला बरोब्बर एक तासच लागायचा, आणि तेवढ्या तासाला तेरा जीबी जागा जायची. म्हणजे पाचसहा कॅसेटींत डिस्क भरली! मग कापाकापी करायची, त्याचं एमपीईजी-२ करायला संगणक रात्रभर चालू ठेवायचा, पहाटे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत चौदा कॅसेटींच्या मी तीन डीव्हीडी केल्या. मेनूवर देवळाचा फोटो, मागे घुमटाचा आवाज. बारा प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या. काय ती शाबासकी मिळाली म्हणता!

आणि कॅसेटी? कोऱ्या कॅसेटीला पैसे पडायचे. चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. "त्या जुन्या रिकाम्या झाल्यात ना, दे इकडे," असं तो म्हणाला आणि मी दिल्या. "रिकाम्या झाल्यात" हा त्याचा शब्द मला तेव्हा खटकलाही नाही.

आता मी काय काय कापलं ते सांगतो. एका कॅसेटीत धालो होते. आमच्या वाड्यावर धालोंच्या मांडावर पुरुषांनी जायचं नसतं, म्हणून काकांनी कॅमेरा चुलतबहिणीच्या हातात दिला होता. पौषातली रात्र, एकच बल्ब, समोरासमोर बायकांच्या दोन ओळी, आणि मध्ये सांगणारी आमची आत्या. एक ओळ म्हणायची, समोरची उचलायची, पुन्हा पहिली. वीसेक मिनिटांचं चित्रीकरण असेल. मला ते कंटाळवाणं वाटलं. सारखं तेच तेच, शिवाय अंधार. मी त्यातली तीन मिनिटं ठेवली, आणि ती "रंगतदार" व्हावीत म्हणून दीड मिनिटावर एका हिंदी सिनेमाचं गाणं चढवलं. होय, मीच. ते तेच तेच नव्हतं, दर फेरीला त्यात एक शब्द बदलत होता, हे मला पुढे दुसऱ्या गावातले धालो नीट ऐकल्यावर कळलं. आत्या २०११ साली गेली. तिचं ते गाणं अख्खं आज आमच्या वाड्यावर कुणाला येत नाही. दोघी-तिघींना तुकडे आठवतात, ते एकमेकांना जुळत नाहीत.

नाटकातही तेच. पात्र अडखळलं, विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आला, प्रेक्षकांत हशा पिकला, की मी ते कापायचो. नाटक 'स्वच्छ' करायचं होतं ना मला! तो प्रॉम्प्टरचा आवाज होता आमच्या शाळेतल्या मास्तरांचा. अख्ख्या गावाने तीस वर्षं तो ऐकला होता. आता कुठेच नाही. पडदा पडल्यावर काकांच्या विसरभोळेपणामुळे आलेली उठणारी माणसं, झोपलेली पोरं, चटया गुंडाळणाऱ्या बायका, म्हणजे खरं तर आमचं गाव, तेही गेलं. राहिली फक्त नाट्यपदं.

तिसरी गोष्ट तर मला फार उशिरा कळली. मिनी डीव्हीच्या कॅसेटीवर चित्राबरोबर चित्रीकरणाची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असलं म्हणजे झालं. पडद्यावर ती दिसत नाही, पण आत असते. फायरवायरने जशीच्या तशी उतरवलेली डीव्ही फाईल ठेवली तर ती नोंद टिकते, डीव्हीडी केली की जाते. मी मेनूवर नुसतं 'उत्सव' असं लिहिलं होतं. आता एकाच नाटकाबद्दल गावात दोन मतं आहेत, २००१ की २००३, आणि निकाल द्यायला कुणी नाही.

डीव्हीडी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण ती पत्रावळ होती, आम्ही तिला कोठी समजलो. एका थराच्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. दोन तासांचे सव्वीस जीबी तिच्यात कोंबायचे तर पाच हिस्से टाकावेच लागतात. डीव्ही फाईलमध्ये सेकंदाची पंचवीसही चित्रं ज्याची त्याची स्वतंत्र असतात. डीव्हीडीत साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण, मधल्यांत फक्त काय बदललं तेवढीच नोंद. टीव्हीवर बघायला हे ठीकच असतं. पण त्यातून पुन्हा काही काढायचं, सुधारायचं म्हटलं की हाती चौकटी चौकटी येतात.

बरं, ती पत्रावळ तरी टिकली का? घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी म्हणजे रंगद्रव्याचा पातळ थर. ऊन, उष्णता, दमट हवा यातलं काहीच त्याला मानवत नाही, आणि आमच्याकडे तर पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. वर मी हौसेने कागदी लेबलं चिकटवलेली. २०१९ साली लावून पाहिल्या तर माझ्या तीनपैकी दोन वाचल्याच जाईनात. शेवटी इंदूरला दिलेल्या मावसबहिणीकडची प्रत चालली. तिकडच्या कोरड्या हवेमुळे, की तिने ती कधी लावलीच नाही म्हणून, हे विचारायचं मी टाळलं.

आता भाच्याकडे येऊ. त्याच्या पेन ड्राइव्हवर तासाभराची फाईल आहे जेमतेम एक जीबीची. कॅसेटीवर होते तेरा. २००५ मध्ये "जागा कुठाय" हे माझं कारण खरं तरी होतं. आज वीस कॅसेटींचे अडीचशे-तीनशे जीबी एका तळहाताएवढ्या डिस्कमध्ये बसून वर जागा उरते. तरी दुकानं पिळून काढलेली फाईलच देतात, कारण गिऱ्हाईक ती व्हॉट्सॲपवर पाठवणार असतं. दुकानदाराला दोष देत नाही. आपण मागतच नाही. "मूळ डीव्ही फाईल द्या, काही कापू नका, वर गाणं घालू नका," एवढं म्हणायचं असतं.

आणि ते आत्ताच म्हणायला हवं. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून इशारा दिला होता, की चुंबकीय फिती वाचणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग संपत चाललेत, २०२५ पर्यंत काय ते उरकून घ्या. ते वर्ष उलटलं. सोनीने मिनी डीव्ही कॅसेटींचं उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. त्याच वर्षी ॲपलने आपल्या नव्या मॅकओएसमधून फायरवायरच काढून टाकलं. नव्या लॅपटॉपला तो खाचा कधीचाच नसतो. कॅसेट ठणठणीत आणि ती वाचणारं कुणी नाही, अशी वेळ येऊन ठेपलीय.

ज्यांच्याकडे अजून कॅसेटी आहेत त्यांनी आधी मागची छोटी खिटी सरकवून 'सेव्ह'वर करावी, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड व्हायचं नाही. पांढरी बुरशी दिसली तर कॅमेऱ्यात घालू नये, ती कॅमेऱ्यात आणि मग पुढच्या कॅसेटीत जाते. चांगली दिसली तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, मग उतरवावी. त्याआधीच्या हाय-८ कॅसेटी असतील तर डिजिटल-८ चा जुना कॅमेरा शोधा. त्यातली काही मॉडेल्स हाय-८ वाचून फायरवायरने बाहेर देतात. फायली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि एक डिस्क दुसऱ्या गावी. (इंदूर चालेल!)

"हे तासन् तास बघणार कोण?" असं भाच्याने विचारलंच. बघू नका ना! कापलेली अर्ध्या तासाची डीव्हीडी करा, फोनवर पाठवा, हवं तर वर गाणं घाला. मीही पुन्हा तेच करीन. फक्त कापाकापी प्रतीवर करायची. काय कंटाळवाणं आहे हे २००५ साली मी ठरवलं, तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि आत्या स्वयंपाकघरात बसून धालो गुणगुणत होती. मला घाई होती मेनूची.

भाच्याने कॅसेटी परत डब्यात भरल्यात. माझ्याकडचा फायरवायरवाला जुना संगणक अजून सुरू होतो, आवाज फार करतो पण होतो. कॅमेरा काकूंच्या कपाटात आहे, बॅटरी मेलेली, चार्जरवर चालेल असा अंदाज. भाचा रविवारी डबा घेऊन येतोय. त्यातल्या एका कॅसेटीवर पेन्सिलीने 'मांड' एवढंच लिहिलंय म्हणाला. पेन ड्राइव्हवर ती सापडत नाही. दुकानदाराने अंधार बघून ती वगळली असावी.