‘पुढचं पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांनो

शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागते. खाली वीस, त्यावर एकोणीस, त्यावर अठरा, पार टोकाला एक. माझ्या टोळीतल्या दोस्ताने हे घरी सहज सांगितलं. त्याची पोरगी नववीत. तोंडात घास असतानाच म्हणाली, २१०. मग तिनेच विचारलं, बाबा, खालचा थर वीस बाय वीसचा चौकोन असला, वर एकोणीस बाय एकोणीस, तर? दोन रात्री बसली आणि २,८७० काढले. एकेक थर मिळवून नव्हे, घनांच्या फरकातून स्वतःच सूत्र बांधलं. बाप वही घेऊन पाळीवर आला. “तू कविता करतोस, बघ काय लिवलंय.” मी मॅट्रिक. अर्ध्या पानावर मला घाम फुटला.

पोरगी वही घेऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, श्रेढी दहावीत आहे, वर्गांची बेरीज अकरावीत. पुढचं पुढच्या वर्षी. वही उघडली पण नाही.

दोस्तहो, आता कुणी शिवी देत नाही. वही बंद ठेवूनच निकाल लावतात.

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर वर्गातली पोरं फळ्यामागचे आपले डबे वाचवायला धावली. कीरांच्या चरित्रात आहे. त्याच बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण पडले. काढा तुमची मेरिटची फूटपट्टी, मोजा!

आणि ते रामानुजनचं नाव घेतात. बुद्धी असली की वाट आपोआप फुटते म्हणे. च्यायला, रामानुजन तर आमच्याच गोदीतला! १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून लागला. त्याआधी कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला. त्याची भूक खोटी नव्हती, हे मी पोटातून सांगतो. पण त्याच्या वरचा अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिती, त्याच्यासारखाच ब्राह्मण, संध्याकाळी पाटी घेऊन त्याच्याबरोबर बसणारा. गोदीचा मोठा साहेब सर फ्रान्सिस स्प्रिंग त्याच्यासाठी पत्रं लिहिणारा. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपये दिले आणि कारकुनी सुटली. याला आपोआप म्हणतात? त्याच गोदीत पोत्याखाली वाकलेल्यांच्या पोरांत किती होते, ते कुणी विचारलं नाही. त्यांची पाटी कोण बघणार होतं?

पैसेवाल्यांची पोरं सहावीपासून ‘फाउंडेशन’ला जातात. लाखाने फी भरतात आणि पुढच्या इयत्तेचा धडा आधी पाठ करतात. त्याला हुशारी म्हणायचं आणि आमच्या पोरीने स्वतः डोकं चालवलं तर ती आगाऊ!

आपल्या पोरीला ती शर्यत नको. मी दोन-चार शिकलेल्या पोरांना विचारत फिरलो, तेव्हा जे पदरात पडलं ते असं. तिची इयत्ता उडवायची नाही. नववी-दहावीची बालभारतीची पुस्तकं, फुकट मिळतात, तिने आपल्या वेगाने याच वर्षी संपवावीत. जे येतं त्यावर पानंच्या पानं घासायला लावू नये. कॅल्क्युलसची घाई नाही. आधी भूमिती सिद्ध करून लिहायला शिकायचं, मग संख्यासिद्धांत, मोजणीची गणितं, असमानता. यात मुक्काम लांबला तरी चालेल. हॉल अँड नाइटचं जुनं ‘हायर अल्जिब्रा’ मी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून उचललं. इंग्रजी आहे, अडतं. अडू दे, कुणी बाजूला बसलं की सुटतं.

आणि ऑलिंपियाड. आठवी ते बारावीची पोरं बसतात. पहिल्या परीक्षेत तीन तास, तीस प्रश्न; पुढे आर.एम.ओ., मग आय.एन.एम.ओ. हे सगळं ज्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे ते मानखुर्दला. शिवडीहून हार्बरची गाडी थेट जाते, बदलावी लागत नाही. मागचे पेपर फुकट. आमच्या अख्ख्या गल्लीत हे एकालाही ठाऊक नव्हतं. बारावीनंतर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. शिकवणीची फी न घेता उलट विद्यावेतन देत आलेली संस्था, राखीव जागांसकट. तिथल्या आपल्या जागांसाठी तरी आतापासून पोरं तयार नकोत?

आता जरा आपल्याबद्दल. मीही त्यात आलो. सरांवर ओरडणं सोपं. पण पोरगी हुशार निघाली तर आपण काय सांगतो? बँकेची परीक्षा दे, पोलीस भरती बघ, लवकर कमव. हेही ‘पुढचं पुढच्या वर्षी’च की! जयंतीला डीजेला वर्गणी निघते, मी स्वतः पावत्या फाडल्यात. विहाराच्या अभ्यासिकेतली ट्यूब महिनाभर लुकलुकत होती, ती कुणी बदलली नाही. कॉलेजात गणित घेतलेली आपली पोरं आहेत. नाक्यावर क्रांती बोलतात, भारी बोलतात. आठवड्यातून दोन तास एका पोरीजवळ बसायचं म्हटलं की त्यांना मीटिंग असते.

ट्यूब मी परवा बदलली. वही माझ्याकडे आहे. या महिन्यात माझी पहिली पाळी, म्हणजे संध्याकाळी सहानंतर मी विहारात असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पोरगी येते. तिसऱ्या पानावर ती कुठे अडलीय ते मला कळत नाही. ज्याला कळेल त्याने यावं.